संदेष्टे कोणाशी बोलत होते?

नाताळापूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला की आपल्या चर्चांमध्ये यशया संदेष्ट्याचे शब्द घुमू लागतात. कुमारी गर्भवती होईल, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल, ही वाचने नाताळच्या तयारीइतकीच ओळखीची झाली आहेत. ती ऐकताना सर्वसाधारण कॅथलिक भाविकाच्या मनात संदेष्ट्याची एकच प्रतिमा उभी राहते: ख्रिस्ताच्या जन्माची वर्दी कित्येक शतके आधी देऊन ठेवणारा माणूस. या प्रतिमेला आधार आहे. ख्रिस्तसभा (चर्च) पहिल्या शतकापासून जुना करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्तपूर्व भाग, ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचत आली आहे आणि तसे वाचणे हा तिच्या श्रद्धेचा गाभा आहे. तरीही आमोस, होशेय, मीखा, यशया, यिर्मया आणि यहेज्केल या संदेष्ट्यांचे ग्रंथ सलग वाचणाऱ्याला एक गोष्ट लपून राहत नाही. त्यांत भविष्याविषयीचे बोलणे तुलनेने थोडे आहे, आणि समकालीनांवरचे आरोप पानोपानी आहेत. हे आरोप परक्यांवरही आहेत, पण स्वतःच्या लोकांवर, राजांवर, याजकांवर व मंदिरावर ते वारंवार केलेले आहेत. माझे म्हणणे असे की कॅथलिक परंपरेने हे आरोप जपून ठेवले, त्यांना पवित्र मानले, मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) वाचले. मात्र त्यांचा रोख आपल्याकडे आहे असे मानायचे तिने बहुतेक वेळा टाळले. संदेष्ट्यांकडून आज काही शिकायचे असेल तर सुरुवात येथूनच व्हायला हवी.

यिर्मयाच्या ग्रंथाचे सातवा आणि सव्विसावा हे अध्याय शेजारी ठेवून वाचले तर अशा बोलण्याचे स्वरूप आणि त्याची किंमत दोन्ही कळतात. यहूदाचा राजा योशीया लढाईत मारला गेला होता, त्याचा मुलगा यहोयाकीम इ.स.पू. ६०९ मध्ये मिसरच्या (इजिप्तच्या) मर्जीने गादीवर बसला होता आणि बाबेलची (बॅबिलोनची) सत्ता वाढत चालली होती. अशा अस्थिर काळात यरुशलेमच्या लोकांना मंदिराचा मोठा आधार वाटत होता. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अश्शूरी सैन्य चालून आले असतानाही हे शहर वाचले होते, तेव्हा परमेश्वर स्वतःच्या घराला कधीच धक्का लागू देणार नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. यिर्मया त्याच मंदिराच्या दारात उभा राहिला आणि उपासनेसाठी आत जाणाऱ्यांना म्हणाला की ‘परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ असा घोष करून स्वतःला फसवू नका. परदेशी, अनाथ आणि विधवा यांना नाडायचे, चोरी करायची, खोटी शपथ वाहायची आणि मग येथे येऊन ‘आम्ही सुरक्षित आहोत’ असे म्हणायचे. हे घर तुम्हाला लुटारूंची गुहा वाटते काय? येशूने मंदिर शुद्ध करताना हेच शब्द वापरले, पण आपण त्यांचा अर्थ मंदिरातल्या व्यापाऱ्यांच्या लबाडीपुरता आकसून घेतला आहे. लुटारू गुहेत लूट करत नाहीत, लूट बाहेर करून ते गुहेत आसऱ्याला येतात. यिर्मयाचा आक्षेप उपासनेतल्या एखाद्या गैरप्रकारावर नव्हता. उपासनेचा उपयोग आसरा म्हणून होतो, यावर होता.

पुढे जे घडले ते सव्विसाव्या अध्यायात आहे. यिर्मयाला पकडणारे आणि त्याला मृत्युदंड मागणारे लोक बाहेरचे नव्हते. ते मंदिराचे याजक आणि मंदिराचे मान्यताप्राप्त संदेष्टे होते. त्याची बाजू घेतली ती राजदरबाराच्या अधिकाऱ्यांनी आणि गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी. या वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद मोठा अर्थपूर्ण आहे. हिज्कीया राजाच्या काळात मोरेशेथच्या मीखाने याच शहराविषयी ‘सियोन शेतासारखी नांगरली जाईल’ असे म्हटले होते, तरी राजाने त्याला मारले नाही, उलट परमेश्वराची करुणा भाकली, याची त्यांनी सभेला आठवण करून दिली. म्हणजे संदेष्ट्याचा अप्रिय शब्द तोपर्यंत लोकांच्या स्मरणातला एक दाखला झाला होता आणि त्या दाखल्याने दुसऱ्या संदेष्ट्याचा जीव वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाच्या आणखी एका संदेष्ट्याचीही हकिगत आहे. तो हेच बोलला, घाबरून मिसरला पळाला, पण राजाने माणसे पाठवून त्याला परत आणवले आणि ठार केले. या माणसाचा एकही शब्द स्वतंत्र ग्रंथाच्या रूपाने शिल्लक नाही. संदेष्ट्यांविषयी बोलताना उरीयाही आठवावा असे मला वाटते, कारण आपल्यापर्यंत जे पोहोचले ते वाचलेल्यांचे बोलणे आहे.

येथे एक जुना वाद उपस्थित होतो आणि कॅथलिक वाचकाला तो टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील बऱ्याच प्रॉटेस्टंट अभ्यासकांनी संदेष्टे विरुद्ध याजक अशी मांडणी केली: संदेष्टे नीतीचे पुरस्कर्ते, याजक कर्मकांडाचे राखणदार. त्या मांडणीचा आधार उघड आहे. ‘तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या’ हे आमोसचे शब्द आणि ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेयाचे शब्द प्रथमदर्शनी तोच निष्कर्ष काढायला लावतात. परंतु यिर्मया स्वतः अनाथोथच्या याजककुळातला होता, यहेज्केल याजक होता, आणि यशयाला पाचारण झाले ते मंदिरातच. सराफीमांच्या (देवदूतांच्या) तोंडून त्याने ऐकलेले ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आपण आजही प्रत्येक मिस्सेत गातो. उपासना नको असे यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. दोषी माणसाला निर्दोष वाटायला लावणारी उपासना त्यांना नको होती. हा भेद कॅथलिक श्रद्धेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण आपली श्रद्धा संस्कारांवर उभी आहे आणि संस्कार कृपा देतात असे आपण मानतो. म्हणूनच हा धोका आपल्याला इतरांपेक्षा अधिक आहे. ज्याच्याकडे मंदिरच नाही त्याला ‘परमेश्वराचे मंदिर’ हा घोष करता येत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू होशेयाचे ते वाक्य दोनदा उच्चारतो, आणि दोन्ही वेळा धर्म काटेकोरपणे पाळणाऱ्यांसमोर.

आता ख्रिस्तसभेने या शब्दांचे काय केले ते पाहू. सर्वांत अनर्थकारक गोष्ट अशी की संदेष्ट्यांनी प्रेमापोटी आणि वेदनेपोटी स्वतःच्या लोकांना सुनावलेले बोल ख्रिस्ती लोकांनी त्या लोकांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरले. इ.स. ३८६ आणि ३८७ या वर्षांत अंत्युखिया शहरात प्रवचने देताना नामवंत प्रवचनकार धर्मगुरू योहान ख्रिसोस्तोम याने यहुदी सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धमकावण्यासाठी आमोसचे ‘तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे’ हे वाक्य यहुद्यांच्या सणांवर आणि यिर्मयाचा ‘गुहा’ हा शब्द त्यांच्या सभास्थानांवर लादले. आमोसने जे इस्राएलच्या राज्यातील बेथेलच्या वेदीपाशी, आपल्याच देवाच्या उपासकांना सांगितले, ते येथे परधर्मीयांवरचा दोषारोप बनले आणि बोलणारा मात्र स्वतः त्यातून सुटला. गुड फ्रायडेच्या उपासनेत ‘माझ्या प्रजे, मी तुझे काय केले?’ हे मीखाच्या सहाव्या अध्यायातले करुण वाक्य शतकानुशतके गायले गेले. ते गाणाऱ्याने स्वतःला विचारायचे, असा त्याचा हेतू मानता येतो; प्रत्यक्षात मात्र बहुतेकांच्या कानांवर ते यहुद्यांवरचा आरोप म्हणूनच पडले. तेविसाव्या योहान पोपांनी १९५९ मध्ये त्या दिवसाच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचे अपमानकारक विशेषण काढून टाकले, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये येशूच्या मृत्यूचा दोष यहुदी लोकांवर सरसकट ठेवणे अमान्य केले, आणि व्हॅटिकनच्या बायबलविषयक पोंटिफिकल आयोगाने २००१ मध्ये बायबलचे यहुदी वाचन हेही ग्राह्य ठरू शकणारे वाचन असल्याचे स्पष्ट केले. या सुधारणांचे मोल मोठे आहे, पण त्यांच्यातून निघणारा पुढचा निष्कर्ष आपण क्वचितच काढतो. आरोपीच्या पिंजऱ्यातून यहुद्यांना बाहेर काढले, हे उत्तम झाले. मग आता तेथे कोण उभे आहे?

रविवारच्या वाचनांची मांडणी पाहिली तर हा प्रश्न अजून अवघडच जातो, असे दिसते. परिषदेनंतरच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमाने जुना करार रविवारच्या मिस्सेत पुन्हा आणला, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु पहिले वाचन त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळेल अशा बेताने निवडले जाते, आणि त्यामुळे संदेष्ट्याला स्वतःचे बोलणे पुरे करता येत नाही. ख्रिस्तराजाच्या सणाला ‘अ’ वर्षात यहेज्केलचा चौतिसावा अध्याय वाचतात, तो अकराव्या वचनापासून: मी स्वतः माझ्या मेंढरांचा शोध घेईन. देव स्वतः का शोध घेणार, हे आधीच्या दहा वचनांत आहे. इस्राएलचे मेंढपाळ मेंढरांची चरबी खातात, त्यांच्या लोकरीची वस्त्रे घालतात, पण दुबळ्यांना बळ देत नाहीत, जखमींना पट्टी बांधत नाहीत. ते मेंढरांऐवजी स्वतःलाच चारतात. ही वचने आठवड्याच्या मधल्या एका वाराला, एक वर्षाआड, मूठभर भाविकांसमोर वाचली जातात. आमोसचे सणांविषयीचे ते प्रसिद्ध वाक्यही रविवारच्या वाट्याला येत नाही. न्यायाने हेही सांगायला हवे की कळप पांगवणाऱ्या मेंढपाळांवरचा यिर्मयाचा तेविसावा अध्याय आणि याजकांना दिलेला मलाखीचा इशारा या दोन्हींना रविवार मिळाले आहेत. त्या रविवारी प्रवचन कशावर होते, हे वाचकांनी आपापल्या आठवणीतून तपासावे.

यहेज्केलच्या त्या दहा वचनांची जागा कोठे आहे, हे या शतकाने दाखवून दिले. २००२ च्या जानेवारीत बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात कसे हलवले गेले हे उघड केले, आणि त्या वर्षअखेर तेथील कार्डिनलना पद सोडावे लागले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) २०१८ मध्ये ३०० हून अधिक आरोपी धर्मगुरूंची आणि १,००० हून अधिक पीडित बालकांची नोंद केली. फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये, १९५० पासून धर्मगुरू व व्रतस्थ यांच्याकडून अत्याचार झालेल्यांची संख्या सुमारे २,१६,००० असावी असा अंदाज दिला. या सर्व प्रकरणांत गुन्ह्याइतकीच बोचणारी गोष्ट ती लपवणाऱ्यांची विचारपद्धती आहे. ख्रिस्तसभेच्या नावाला बट्टा लागू नये, श्रद्धाळूंचा विश्वास डळमळू नये, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे ‘परमेश्वराचे मंदिर’ हाच घोष, फक्त प्रशासकीय भाषेत. आणि सत्य बोलले कोणी? अत्याचार सोसलेल्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी, पत्रकारांनी, सरकारी वकिलांनी. मंदिराच्या पगारावर नसलेला माणूस येऊन मंदिराला सत्य सांगतो, हे आमोसपासून चालत आले आहे; बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणाला होता की हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू तुझ्या यहूदात जा आणि तेथे पोट भर, आणि आमोसने उत्तर दिले की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी गुरे राखणारा आणि उंबरांची निगा ठेवणारा आहे.

ख्रिस्तसभेने हा शब्द स्वतःवर घेतल्याची उदाहरणे मुळीच नाहीत असे नव्हे, आणि त्यांतले एक मला सर्वाधिक बोलके वाटते. २१ डिसेंबर १५११, आगमनकाळातील चौथा रविवार. कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावरील सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये दोमिनिकन धर्मगुरू आंतोनियो दे मोंतेसिनोस प्रवचनाला उभे राहिले; समोर स्पॅनिश वसाहतवाले आणि त्यांचा प्रमुख, कोलंबसचा मुलगा दिएगो बसले होते. विषय होता ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’, म्हणजे यशयाचेच शब्द, योहान बाप्तिस्त्याच्या तोंडून. श्रोत्यांची अपेक्षा नाताळपूर्व प्रवचनाची असणार. मोंतेसिनोस म्हणाले की या बेटाच्या अरण्यातली ख्रिस्ताची वाणी मी आहे, आणि ती सांगते की येथील मूळ रहिवाशांवर तुम्ही करत असलेल्या क्रूरतेमुळे तुम्ही सर्व प्राणघातक पापात आहात. ही माणसे नाहीत काय? त्यांना विवेकी आत्मे नाहीत काय? स्वतःवर करता तशी त्यांच्यावर प्रीती करायला तुम्ही बांधील नाही काय? वसाहतवाल्यांनी माघारीची मागणी केली. मठप्रमुख पेद्रो दे कोर्दोबा यांनी सांगितले की हे प्रवचन एकट्याचे नसून आम्हा सर्वांचे आहे. पुढच्या रविवारी माघार ऐकायला चर्च भरले आणि मोंतेसिनोस यांनी तेच पुन्हा अधिक ठामपणे सांगितले. स्पेनच्या राजाने आणि खुद्द त्यांच्या संघाच्या वरिष्ठांनी त्यांना दोष दिला. आज हे प्रवचन मानवी हक्कांच्या इतिहासात मानाने नोंदले जाते, परंतु त्याचा धर्मशास्त्रीय भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: जे वाचन दरवर्षी ख्रिस्ताच्या आगमनाची वर्दी म्हणून ऐकले जात होते, ते या माणसाने समोर बसलेल्यांना उद्देशून वाचले, आणि तसे करताना ख्रिस्ताला बाजूला सारले नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. प्रत्येक असंतुष्ट माणूस स्वतःला संदेष्टा म्हणवू लागला तर ख्रिस्तसभेची एकता कशी टिकणार, आणि खऱ्याखोट्याची पारख कशी होणार? आक्षेप खोटा नाही. यिर्मयालाही तो छळत होता. त्याच्यासमोर हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा होता, तोही ‘परमेश्वर म्हणतो’ असेच बोलत होता, आणि बाबेलचे जू दोन वर्षांत मोडेल असे त्याने सांगितले तेव्हा यिर्मया ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ असे म्हणाला. मग हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू सर्वांदेखत मोडले, आणि यिर्मया निघून गेला. त्याच्याकडे त्या क्षणी दुसरे उत्तर नव्हते. उत्तर नंतर आले. तरीही त्याच्या चरित्रातून एक कसोटी निघते. तो आपल्या लोकांना सोडून गेला नाही. शहराला वेढा पडलेला असताना, स्वतः पहाऱ्यात असताना, त्याने अनाथोथचे शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतले आणि खरेदीखत जपून ठेवायला सांगितले; शहर पडल्यावर बाबेलच्या सरदाराने देऊ केलेली सुखवस्तू सोय नाकारून तो उरलेल्या गरिबांत राहिला. जो शिक्षा सांगतो आणि ती भोगायलाही सोबत राहतो, त्याचे ऐकून घेणे एकतेला मारक नाही. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देवाची सगळी प्रजा ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात सहभागी आहे असे शिकवले आहे, आणि स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) पवित्र तैल लावताना याजक, संदेष्टा आणि राजा ही तिन्ही पदे प्रत्येक बालकाला दिली जातात. त्यातले मधले पद आपण सहसा वापरात आणत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत सरळ संबंध जातीशी येतो. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध बोलणारे धर्मगुरू मराठी ख्रिस्ती समाजाने पाहिले आहेत. बिल्डर आणि राजकारणी यांच्या विरोधात हरित वसईची चळवळ उभी करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्यांतले ठळक नाव, आणि त्या धैर्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. घराच्या आत बोलणे याहून कठीण असते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून ख्रिस्तसभेतच जातिभेद आणि अस्पृश्यता असल्याचे मान्य केले. तमिळनाडूत एकाच दफनभूमीत जातीनुसार भिंती उभ्या राहिल्या. गोव्यातील कित्येक कोन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चशी जोडलेल्या पारंपरिक बंधुसंघांचे, सदस्यत्व पिढ्यानपिढ्या जातीवर ठरत आले. आणि वसईचा ख्रिस्ती व अहिल्यानगरचा ख्रिस्ती यांच्यात सोयरीक का जुळत नाही, हे मराठी कॅथलिक वाचकाला वेगळे सांगायला नको. दुसरीकडे हीच ख्रिस्तसभा १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती मागत आली आहे. अनुसूचित जातीचा जो दर्जा दलित शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला तो ख्रिस्ती दलितांना नाकारणे अन्याय्य आहे, रंगनाथ मिश्र आयोगानेही २००७ मध्ये धर्माची अट काढावी असे सुचवले, आणि ती मागणी मला पूर्णपणे योग्य वाटते. पण धर्म बदलला तरी जात सुटत नाही, हा जो तिचा युक्तिवाद आहे, त्यात ती जात राखणाऱ्यांत आपणही आहोत ही कबुली दडलेली आहे, आणि ती कबुली दिल्लीतल्या निवेदनांत जितकी येते तितकी गावच्या चर्चमधल्या प्रवचनांत येत नाही. तेथे ‘ही गावची जुनी चाल आहे’ हे उत्तर चालते, आणि ते अमस्याच्या उत्तराहून फारसे वेगळे नाही. भिंत पाडायला, कोन्फ्रारियाच्या नियमावलीतून जातीची अट काढायला, मिरवणुकीचा मान सर्वांना खुला करायला कायद्यातल्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. कॅनन कायद्यानुसार, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अंतर्गत कायद्यानुसार, तिच्या सार्वजनिक संघटनांच्या नियमावलीला धर्माधिकाऱ्यांची मान्यता लागते, आणि जी मान्यता देता येते ती रोखताही येते. दलित ख्रिस्ती बांधवांसाठी सरकारकडे मागितला जाणारा न्याय संसदेच्या आणि न्यायालयाच्या हातात आहे. हा दुसरा न्याय धर्मप्रांताच्या कार्यालयातून याच वर्षी देता येण्याजोगा आहे.